लहान पेशंट, नेमकी नोंद: एक्झॉटिक पाळीव प्राण्यांच्या वैद्यकात आणि संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

कुत्र्यामांजरांवर शिकून बाहेर पडलेल्या नव्या डॉक्टरसमोर ससा, पोपट, कासव किंवा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आला की सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘आम्ही हे बघत नाही’ म्हणून मालकाची बोळवण होते, नाहीतर त्या प्राण्याला छोट्या आकाराचा कुत्रा समजून औषध दिलं जातं. पहिल्या गोष्टीत मालकाची गैरसोय होते, दुसरीत प्राण्याचा जीव जाऊ शकतो.

फरक किती मोठा आहे ते भुलीच्या आकड्यांतून कळतं. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भुलीशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, सशांत १.३९ टक्के आणि गिनीपिगमध्ये ३.८ टक्के आढळलं. बजरीगर या लहान पोपटांमध्ये ते सोळा टक्क्यांच्या वर होतं. शिवाय सशांचे बहुतेक मृत्यू टेबलावर झालेच नव्हते. सुमारे ६४ टक्के मृत्यू भूल उतरतानाच्या आणि त्यानंतरच्या काळातले होते. टाके घातले, ससा पिंजऱ्यात ठेवला आणि सगळे पुढच्या केसकडे वळले, नेमका तो काळ. ही पाहणी झाली त्याआधीही ससे मरतच होते. फरक इतकाच, की शंभराहून अधिक दवाखान्यांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या आणि नजर कुठे ठेवायची ते कळलं.

या क्षेत्रात पाठ्यपुस्तक लवकर संपतं. त्यामुळे शिकणं आणि संशोधन ही दोन वेगळी कामं राहत नाहीत. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत.

१. निरोगी प्राणी आधी बघा

आजारी ससा ओळखण्याआधी निदान काही डझन धडधाकट ससे हाताखालून गेले पाहिजेत. नख कापायला, लसीला, वजनाला येणारे प्राणी कंटाळवाणे वाटतात, पण खरा अभ्यासक्रम तोच आहे. सशाचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं, म्हणजे कुत्र्याच्या हिशेबाने ताप वाटेल असा आकडा त्याच्यासाठी सर्वसाधारण. त्याची लघवी दुधट, खडूच्या पाण्यासारखी असू शकते, कारण जादा कॅल्शियम तो मूत्रावाटे टाकतो. कधी ती लालसर दिसते आणि तरी त्यात रक्त नसतं, नुसती रंगद्रव्यं असतात. हे ठाऊक नसलेला डॉक्टर मूत्राशयाच्या आजारावर उपचार सुरू करून मोकळा होतो. कुत्र्यामांजरांचे दात एकदा आले की वाढत नाहीत. सशाचे दात मात्र जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास.

दोन-तीन महिने हेच करा: प्रत्येक निरोगी प्राण्याचं वजन, श्वास, हृदयाचे ठोके, शरीराची ठेवण, लेंड्या किंवा शीट कशी आहे, हे वहीत लिहा. पक्ष्याचा श्वास मोजायचा तर पिंजऱ्यात, हात लावण्याआधी. हात लावल्यावर मोजलेला आकडा पक्ष्याच्या भीतीचा असतो.

२. एकच गट निवडा

‘एक्झॉटिक’ हा काही प्राण्यांचा गट नव्हे. कुत्रा-मांजर सोडून जे उरलं त्याला दिलेलं ते नाव आहे. फेरेट (मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी) मांसाहारी, गिनीपिग शाकाहारी आणि शरीरात क जीवनसत्त्व तयार करू न शकणारा, पोपटाला श्वासपटल नाही, कासवाच्या फासळ्या कवचातच जुळलेल्या. सगळं एकदम शिकायला गेलात तर कशातच हात बसणार नाही. माझं मत विचाराल तर ससा आणि गिनीपिगपासून सुरुवात करा. पेशंट भरपूर मिळतात, आणि सस्तन प्राण्यांचं आधीचं ज्ञान निदान अर्धं तरी कामी येतं. मग पक्षी, मग सरपटणारे. ज्यांना आधीपासून सापांचं वेड आहे ते हा क्रम पाळणार नाहीत, आणि नाही पाळला तरी चालेल.

कुत्र्यामांजरांचं काम मात्र सोडू नका. भूल, वेदनाशमन, सलाइन, टाके यांत हात तिथेच बसतो. पुढे रीतसर विशेषज्ञ व्हायचं असेल तर इंटर्नशिप आणि साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी अशी वाट असते. अमेरिकन बोर्ड ऑफ व्हेटरनरी प्रॅक्टिशनर्समध्ये पक्षी, एक्झॉटिक सस्तन प्राणी आणि सरपटणारे-उभयचर असे वेगवेगळे विभाग आहेत. युरोपियन कॉलेज ऑफ झूऑलॉजिकल मेडिसिनमध्येही असेच विभाग आहेत. तितकं दूर जायचं नसेल तर असोसिएशन ऑफ एव्हियन व्हेटरनेरियन्स किंवा तिच्यासारख्या सस्तन आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या संघटनांचं सदस्यत्व घ्या. त्यांच्या परिषदांतल्या प्रात्यक्षिकांत एका दिवसात जेवढं हाताला कळतं तेवढं महिनाभर वाचून कळत नाही.

३. प्राण्याच्या आधी पिंजरा तपासा

ही पायरी सगळ्यांत मोठी आहे, कारण या ओपीडीतले निम्मे आजार पाळण्याच्या पद्धतीतून येतात म्हटलं तरी कुणी अनुभवी डॉक्टर भांडायला येणार नाही.

समजा बिअर्डेड ड्रॅगन आलाय. मागचे पाय ओढतोय, जबडा दाबला तर रबरासारखा वाकतो. मालकाला विचारलं, यूव्ही दिवा आहे का? उत्तर ठरलेलं: “आहे ना डॉक्टर, चांगला महागाचा आहे, दिवसभर चालू असतो.” इथे थांबलात तर निदान हुकलं. पुढचे प्रश्न असे: दिवा कधी बदलला? प्राणी बसतो त्या जागेपासून किती अंतरावर आहे? मध्ये काच आहे का? ऊन खाण्याच्या जागेचं तापमान किती, आणि ते मोजलं कशाने? मग मोबाइलवर टाकीचा फोटो मागा. फोटोत दिवा काचेच्या झाकणावर ठेवलेला दिसला की कोडं सुटलं. हाडं टणक ठेवणारं ड जीवनसत्त्व बनवायला लागणारे २९० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्हीबी किरण साध्या काचेतून जवळपास जातच नाहीत. दिवा जुना झाला की प्रकाश तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र घटत जातं. म्हणून तो डोळ्यांनी तपासता येत नाही, मीटर लागतो.

तापमानाचंही तसंच. सरपटणाऱ्या प्राण्याचं पचन, प्रतिकारशक्ती, औषध शरीराबाहेर टाकण्याचा वेग, सगळं बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून. थंड पडलेल्या सरड्याला नळीने अन्न भरवलं तर ते पोटात कुजेल. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, हा क्रम मोडू नका.

पक्ष्यांच्या बाबतीत स्वयंपाकघराबद्दल विचारायला विसरू नका. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की त्याच्या थरातून निघणारी वाफ माणसाला जाणवतही नाही, पोपट मात्र त्याने मिनिटांत दगावू शकतो. सशाच्या मालकाला ‘काय खातो’ असं विचारू नका, ‘काल दिवसभरात काय काय खाल्लं आणि गवत किती उरलं’ असं विचारा.

एक छापील प्रश्नावली करून ठेवा आणि प्रतीक्षागृहातच भरून घ्या. उपचाराला ती लागतेच, आणि दोन वर्षांनी संशोधनाचा पाया तीच ठरते, कारण प्रत्येक प्राण्याबद्दल तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारलेले असतात.

४. काटा, टॉवेल आणि रक्ताचा हिशेब

पहिली खरेदी महागड्या यंत्राची नको. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. चाळीस ग्रॅमच्या बजरीगरचं वजन चार ग्रॅमने घटलं तर दहावा हिस्सा गेला. पिसं फुगवून बसलेला पक्षी वरून गुबगुबीत दिसतो, काटा मात्र फसत नाही.

धरताना पक्ष्याच्या छातीवर दाब पडू देऊ नका. श्वासपटल नसल्याने छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आतबाहेर होते. डोकं घट्ट धरलेलं आणि छाती मोकळी, असा पक्षी सुरक्षित. सशाच्या बाबतीत मागचे पाय कायम आधारावर असू द्या. त्याचा सांगाडा हलका आणि मांड्यांचे स्नायू जबर, एका झटक्यात तो स्वतःच्या कमरेचा मणका मोडून घेऊ शकतो.

रक्त काढण्याआधी आकडेमोड कागदावर करा. पक्ष्यात रक्त साधारण वजनाच्या दहा टक्के असतं आणि निरोगी पक्ष्यातून त्याचा दहावा भाग, म्हणजे वजनाच्या एक टक्का, घेता येतो. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्यात हे ०.३५ मिलिलिटर झालं. आजारी असेल तर त्याच्या निम्मंच. सुई काढल्यावर त्वचेखाली साचलेलं रक्तही याच हिशेबात येतं हे नवखे विसरतात. कासवाचं रक्त ईडीटीएच्या नळीत घालू नका, पेशी फुटतात, लिथियम हेपरिन वापरा (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं). आणि एवढ्याशा थेंबात कोणती तपासणी आधी करायची हे सुई टोचण्यापूर्वीच ठरलेलं असावं.

५. डोस उचलून आणू नका

मांजराला कुत्र्याचं पिसवांवरचं पर्मेथ्रिन चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोच न्याय पुढे न्या. पिसवांवरचंच फिप्रोनिल कुत्र्यामांजरांत रोजचं, सशाला विषारी. जंतांवरचं आयव्हरमेक्टिन कितीतरी प्राण्यांत चालतं, कासवात जीवघेणं. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि पाठोपाठ प्राणीही जातो. बऱ्याच सशांच्या शरीरात अ‍ॅट्रोपिन फोडणारं विकर असतं, त्यामुळे नेहमीच्या डोसचा भरवसा धरता येत नाही. डायक्लोफेनॅक गुरांना देत होते, आणि ती गुरं मेल्यावर खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. हे २००४ साली सिद्ध व्हायला अख्खी जमात रसातळाला जावी लागली.

फॉर्म्युलरी, म्हणजे औषधांच्या डोसचं पुस्तक, उघडली की प्रत्येक डोसपुढे तो कुठून आला ते बघा. काही आकडे त्याच प्रजातीत रक्तातली पातळी मोजून काढलेले असतात, काही दुसऱ्या प्रजातीवरून वजनाच्या गणिताने आणलेले, आणि काही नुसते ‘आम्ही देतो, चालतं’ या जातीचे. छापलेले तिन्ही सारखेच दिसतात. मी तिसऱ्या प्रकारावर पेन्सिलने खूण करायला लावतो. त्या खुणा म्हणजे संशोधनासाठी मोकळे पडलेले विषय.

६. नोंद अशी लिहा की अनोळखी माणसाला कळेल

‘ससा, खात नाही, औषध दिलं, बरा वाटतो.’ अशा हजार नोंदी असल्या तरी त्यांतून काहीही निघत नाही. त्याऐवजी हे बघा: ‘ससा, मादी, नसबंदी झालेली, ३ वर्षं, १९४० ग्रॅम (मागच्या महिन्यात २०८०). १४ तासांपासून गवत बंद, लेंड्या शेवटच्या काल रात्री, लहान. पोट फुगलेलं नाही. तापमान ३८.१. रक्तशर्करा १६२ मिग्रॅ.’ दुसऱ्या नोंदीला एक मिनिट जास्त लागतं.

त्या एका आकड्याचं मोल काय असतं बघा. २०१२ साली व्हेटरनरी रेकॉर्डमध्ये एक अभ्यास आला. नऊशेहून अधिक पाळीव सशांची रक्तशर्करा साध्या मीटरवर मोजलेली होती. आतडं नुसतं मंदावलेल्या सशांत सरासरी ८.५ मिमोल प्रति लिटर निघाली, आतड्यात अडथळा असलेल्यांत जवळपास २५, म्हणजे डेसिलिटरला साडेचारशे मिलिग्रॅमच्या घरात. दोन्ही ससे टेबलावर सारखेच दिसतात, खात नाहीत, गप्प बसतात. एकाला औषधं आणि भरवणं पुरतं, दुसऱ्याला बहुधा तातडीने शस्त्रक्रिया लागते. हा फरक ओपीडीत, एका थेंबावर कळू लागला. यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, दर वेळी मोजण्याची आणि लिहिण्याची सवय लागली.

निदानाची नावं दवाखान्यात सगळ्यांनी एकच वापरावीत. आतडं मंदावलं की एक डॉक्टर ‘स्टॅसिस’, दुसरा ‘इलिअस’, तिसरा ‘पोट बंद’ लिहीत असेल तर दोन वर्षांनी शोधताना एकतृतीयांश केसेसच हाती लागतात. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजचा व्हेटकंपास हा प्रकल्प नेहमीच्या दवाखान्यांच्या नोंदी गोळा करूनच चालतो. त्यांनी सशांवर केलेल्या २०२० सालच्या अभ्यासात सर्वांत जास्त आढळलेली तक्रार वाढलेल्या नखांची होती, त्यानंतर वाढलेल्या दाढांची, आणि आयुर्मानाचा मध्यांक निघाला अवघा ४.३ वर्षं. पुस्तकांत सशाचं आयुष्य आठ-दहा वर्षं लिहिलेलं असतं.

७. मेलेला प्राणीही शिकवतो

मालक दुःखात असतो, तरी शवविच्छेदनाचं विचारा, हळुवारपणे आणि लगेच. मृतदेह फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही उरत नाही. तुकडे एक सेंटिमीटरहून जाड नकोत, आणि त्यांच्या दहापट फॉर्मॅलिन हवं. पक्षी उघडण्याआधी साबणाच्या पाण्याने पिसं पूर्ण भिजवा आणि मास्क लावा. सिटॅकोसिस या पक्ष्यांच्या आजाराचे जिवाणू कोरड्या शिटेच्या आणि पिसांच्या धुळीतून माणसात येतात. १९२९-३० साली पाळीव पोपटांमुळे त्याची साथ देशोदेशी पसरली होती.

८. प्रश्न लहान करा

नवीन माणूस विचारतो, ‘सशांत मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) चांगलं का?’ याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही. तोच प्रश्न कापून काढा: दाढा घासल्यानंतर अमुक डोस मिळालेले ससे तमुक डोसच्या सशांपेक्षा लवकर स्वतःहून गवत खाऊ लागतात का, पहिल्या चोवीस तासांत? आता कोणते ससे, काय दिलं, कशाशी तुलना आणि काय मोजायचं, चारही ठरलं. वेदना मोजायची तर सशाच्या चेहऱ्यावरून गुण देणारी ग्रिमेस स्केल २०१२ पासून उपलब्ध आहे, मांजरांची २०१९ पासून. स्वतःची नवी मोजपट्टी काढायच्या भानगडीत पडू नका.

‘मालकाला बरं वाटतंय’ हे मोजमाप मात्र नको. सांधेदुखीच्या कुत्र्यांवरच्या २०१२ च्या अभ्यासात नुसतं प्लासिबो (औषध नसलेली खोटी गोळी) मिळालेल्या कुत्र्यांच्या निम्म्याहून जास्त मालकांना सुधारणा दिसली, यंत्रावर मोजलेल्या चालीत ती नव्हती. डॉक्टरही फार मागे नव्हते. म्हणून गुण देणाऱ्याला कोणत्या प्राण्याला काय दिलं ते माहीत नसावं.

सुरुवात एका केसने करा, मग केसेसच्या मालिकेने, मग जुन्या नोंदींच्या अभ्यासाने. यादृच्छिक चाचणीची, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेल्या चाचणीची, घाई नको. मांजरांच्या हृदयविकाराचा टॉरिन या अन्नघटकाशी असलेला संबंध १९८७ साली पुढे आला तोही दवाखान्यात आलेल्या आजारी मांजरांच्या रक्तातलं टॉरिन मोजून. त्यावरून मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं आणि तो आजार जवळपास ओसरला.

९. परवानगी आधी, सुई नंतर

उपचारासाठी घेतलेलं रक्त आणि संशोधनासाठी घेतलेलं जास्तीचं रक्त, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला आचारसमितीची मंजुरी आणि मालकाची लेखी संमती लागते, तीही काम सुरू करण्याआधी. झाल्यावर मागितलेली मंजुरी समित्या देत नाहीत आणि नियतकालिकं चालवून घेत नाहीत. जुन्या नोंदी चाळायच्या असल्या तरी समितीला विचारून घ्या. संमतीपत्रात ‘नाही म्हटलं तरी उपचार तसेच मिळतील’ हे वाक्य पाहिजेच.

प्राणी कायदेशीरपणे पाळलेला आहे का, हेही बघा. आफ्रिकन ग्रे पोपट २०१७ पासून साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. अशा प्रजातींचं रक्त किंवा ऊतीचा तुकडा देशाबाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायलाही परवाना लागतो. हे ऐनवेळी कळलं की नमुने फ्रिजमध्ये पडून राहतात.

१०. आकड्यांसमोर नम्र राहा

तीस सशांना औषध दिलं, एकालाही त्रास झाला नाही. म्हणजे औषध सुरक्षित? तीनला तीसने भागा: खरा धोका दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि तरीही तुम्हाला तो दिसला नसता. हा सोपा नियम भिंतीवर लावण्यासारखा आहे. रक्ततपासणीच्या संदर्भ मर्यादा (निरोगी प्राण्यातल्या आकड्यांची कक्षा) ठरवायला १२० निरोगी प्राणी असावेत अशी शिफारस आहे. एक्झॉटिक प्राण्यांच्या कितीतरी मर्यादा वीस-तीस प्राण्यांवर उभ्या असतात. प्रयोगशाळेचा ‘एच’ (जास्त) किंवा ‘एल’ (कमी) बघून लगेच औषध लिहिण्याआधी हे आठवावं. संख्याशास्त्र जाणणाऱ्याला माहिती गोळा करण्याआधी भेटा, नंतर भेटलात तर तो फक्त हळहळू शकतो.

११. लिहा आणि पाठवा

पहिला लेख केस रिपोर्टचाच असू द्या. दुर्मीळ आजार सापडला म्हणून नाही, तर त्या केसमुळे दुसरा डॉक्टर उद्या वेगळं काही करेल म्हणून लिहा. जर्नल ऑफ एक्झॉटिक पेट मेडिसिन किंवा जर्नल ऑफ एव्हियन मेडिसिन अँड सर्जरीचे मागचे दोन-तीन अंक वाचून त्यांचा साचा पाहा. फोटोत मोजपट्टी ठेवा. डोस लिहिताना मिलिग्रॅम प्रति किलो, मार्ग, किती वेळा आणि किती दिवस, चारही लिहा. न जमलेले उपचार गाळू नका. वाचणाऱ्याला तेच जास्त उपयोगी पडतात. पैसे भरले की आठवड्यात छापू म्हणणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेल सरळ कचऱ्यात टाका.

परीक्षकांचे शेरे आले की दोन दिवस उत्तर लिहू नका. मग प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली काय बदललं आणि कोणत्या ओळीत, ते लिहा. जिथे बदललं नाही तिथे का नाही ते सांगा. पहिल्यांदा नकार आला तर शेऱ्यांप्रमाणे सुधारून दुसरीकडे पाठवा, आणि तोवर पुढच्या केसची प्रश्नावली भरून घ्या.